जांभळाखालच्या चपला

परभणी
२५ नोव्हेंबर २०२४

जीवनदादा,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवतोस. त्या अंगठ्याचा अर्थ ‘वाचलं’ असा घ्यायचा की ‘मान्य’ असा, हे मला कळत नाही. म्हणून हे स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

काल रविवारी आम्ही नेहमीसारखे झिंगे धरायला डोहावर गेलो, तर शेताच्या तोंडाशी नवीन लोखंडी फाटक. काम चांगलं झालंय. खांब ओळंब्यात आहेत, बिजागऱ्या जड आहेत, दोन पावसाळे तरी झोल येणार नाही. फाटकावर कॅमेरा आहे आणि त्याचं तोंड जांभळाच्या झाडाकडे आहे, म्हणजे पुढचं सगळं तू पुण्यात बसून पाहिलं असशील. पण कॅमेऱ्याला आवाज नाही असं कळलं. आवाज मी लिहिते.

तू ठेवलेला राखणदार, मुंजाजी, आडवा आला. म्हणाला, “साहेबांनी सांगितलंय, भायेरचं माणूस आत सोडायचं न्हाई.” मी विचारलं, मी बाहेरची का? त्याने जरा विचार केला. “तुमचं नाव न्हाई घेतलं त्यांनी. पण आडनाव तर साहेबाचंच हाय तुमचं.” आणि मला आत घेतलं. सिद्धोधन सर बाहेरच राहिले. बोरीच्या शाळेतले सर, तू बारावीत असल्यापासून ते आपल्याबरोबर त्या डोहात उतरतात. ते चष्म्याची काच पुसत उभे राहिले. मग तुझे बापू, आमचे काका, घरातून आले, सरांना फाटकाबाहेर पाहिलं आणि मुंजाजीला हाताने खूण केली, गुरांना वाट द्यायला सांगतात तशी. मुंजाजीने फाटक उघडलं. आत येताना सर त्याला म्हणाले, “दोन मालकाची चाकरी लय अवघड असती बाबा.”

वाटणीच्या वेळी मी मोजणी करून दिली, त्याचा राग तुझ्या मनात अजून आहे. तुझं म्हणणं होतं, हद्द पाण्यापर्यंत दाखव. मी ती काठाच्या वरच्या कडेपर्यंत दाखवली, कारण ती तिथंच आहे. त्याखाली नदीचं पात्र आणि ते सरकारचं. घरची पोरगी असून परक्यासारखं मोजलं, असं तू काकूला म्हणालास. परक्याने मोजलं असतं तरी रेघ तिथंच आली असती. आता तिची दुसरी बाजूही लिहिते. पाणी तुझं नाही, पण पाण्याकडे जाणारी वाट तुझ्या शेतातून जाते आणि शेत तुझं आहे. तिथून जायचा आम्हाला हक्क आहे, असं मी म्हणत नाही. आम्ही आजवर विचारून गेलो. पलीकडच्या काठाला सगळी वेडी बाभूळ आहे, आणि पुलाखालून यायचं तर वाळूवाल्यांच्या खड्ड्यांतून. गेल्या वर्षी तिथं एक म्हैस बुडाली. डोहाला दुसरी वाट नाही.

मागणं एवढंच की रविवारी सकाळी फाटकाला कुलूप नको.

काकांची तब्येत ठीक आहे. काकू तुझ्या पोरासाठी डिंकाचे लाडू करते आहे.

सृष्टी


परभणी
९ डिसेंबर २०२४

जीवनदादा,

तुझं उत्तर काकूच्या फोनवर आलं आणि काकूने ते मला जसंच्या तसं सांगितलं: “त्यो म्हणायलाय, तुमचे नियम-नियम काय लावलंय? सरकारनं काढलेत का?”

सरकारने काढलेले नाहीत. तुला ते पाठ आहेत, पण विचारलंस म्हणून लिहिते. तुझ्या तंबूंत भाड्याने उतरणाऱ्या पाहुण्यांना वाचून दाखवायला उपयोगी पडतील.

झिंगा हाताने धरायचा. गळ नाही, भाला नाही, जाळं नाही, आणि पाण्यात करंट सोडून मासे मारणाऱ्याला काठावर उभं करायचं नाही. डोळ्यापासून शेपटीपर्यंत वीतभर भरला नाही तर सोडायचा. पोटाखाली अंडी धरलेली मादी असेल तर ती कितीही मोठी असो, पुन्हा बुडी मारून होती त्याच कपारीत ठेवायची. वरून टाकून दिली तर तळाला पोचायच्या आधी मरळ मासा तिला गाठतो. दगड उलटला तर होता तसा बसवायचा. एका कपारीत एकच माणूस. शेतातून बांधावरून जायचं आणि काकांना तोंड दाखवल्याशिवाय पुढं जायचं नाही. पहिला झिंगा काकूच्या तव्यावर.

आणि चपला जांभळाखाली काढायच्या, टोक पाण्याकडे करून. हा नियम काकांचे कान गेल्यावरचा. आयुष्यभर खोल बुड्या मारून पडदे फाटले, डॉक्टरांनी परभणीत सांगितलं तेव्हा तू आणि मी दोघंही बरोबर होतो. हाका मारण्यात तेव्हापासून अर्थ उरला नाही. पाण्याची मोटार डोहातच सोडलेली, आणि तिच्या बटणांच्या खोलीतून डोह दिसत नाही, जांभूळ दिसतं. त्याखाली चपला असल्या म्हणजे पाण्यात माणूस आहे. मग लाइट येऊन जावो, हरभरा वाळो, मोटार चालू करायची नाही. आणि एक जरी जोड तिथं असला तर बाकीच्यांनी घरी जायचं नाही. सगळ्यात शेवटी तू वर यायचास. तुझ्या निळ्या स्लिपरांकडे बघत आम्ही सगळे थंडीत कुडकुडत बसायचो आणि काका म्हणायचे, “येऊ द्या. त्याचा दम लय मोठा हाय.”

काल तुझे पहिले पाहुणे तंबूत उतरले होते, ते तुला माहीत असेल. त्यांनी उथळ पाण्यातले दगड उलटे करून बादलीभर झिंगे काढले. बोटाएवढे सुद्धा. तीन माद्या अंड्यांसकट होत्या. फोटो काढून झाल्यावर बादली उन्हात तशीच राहिली. सर त्यांच्याकडे गेले आणि शाळेत समजावतात तसं समजावलं. त्यातला एक नीट बोलला, उद्धटपणा केला नाही, पण म्हणाला, “अंकल, हा प्रायव्हेट रिव्हरफ्रंट आहे. आम्ही बुकिंग केलंय.”

परत येताना सर मला म्हणाले, “ताई, पाण्यापाशी थांबून परवानगी मागायचं आमच्या घरात आज्यानंच बंद केलं. पाण्यासाठी मी कुणाला विचारत न्हाई. तुमच्या काकाला विचारतो ते शेतासाठी. पीक त्यांचं हाय.” एवढं बोलून त्यांनी विषय बदलला. मी तो बदलू दिला.

मुंजाजीने फाटकाजवळ चपलांचा एक स्टँड आणून ठेवलाय, चार कप्प्यांचा, पांढरा. पाहुण्यांसाठी असावा.

सृष्टी


परभणी
२४ डिसेंबर २०२४

जीवनदादा,

परवा रविवारी एक प्रकार झाला. ओळीने लिहिते, कारण दुसऱ्या कुणाकडून तुझ्यापर्यंत पोचला तर वाढून पोचेल.

सकाळी लाइट आली. मोटारीचं काम तू मुंजाजीकडे दिलंयस, पण तो पाहुण्यांच्या स्वयंपाकाचा गॅस आणायला बोरीला गेला होता. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, म्हणून चहाला घरात गेलेले काका उठले. जाताना त्यांनी जांभळाकडे पाहिलं. खाली काही नव्हतं, म्हणजे सगळे वर येऊन गेले. त्यांनी हिरवं बटण दाबलं.

त्या वेळी आमच्यातला एक माणूस तळाशी होता, कपारीत हात घालून. पाण्यातल्या मोटारीच्या वायरला पावसाळ्यापासून एक जोड होता, नुसती पट्टी गुंडाळलेला. वीज तिथून पाण्यात उतरली. सर काठावर पाय सोडून बसले होते, त्यांच्या पिंढऱ्यांना झिणझिण्या आल्या. आधी ते ओरडले. मग ओरडून उपयोग नाही हे ध्यानात येऊन पळत गेले आणि काकांना बाजूला सारून लाल बटण दाबलं. पाण्यातला माणूस वर आला. जखम नाही.

चपला होत्या. फाटकाजवळच्या स्टँडवर, नीट लावलेल्या. मुंजाजी बोरीहून परत आला तेव्हा सहज म्हणाला की आपणच निघताना उचलून ठेवल्या. मी का विचारल्यावर त्याने काकांकडे पाहिलं, मला गोठ्याकडे नेलं आणि म्हणाला, “साहेबाचा फोन आलता. झाडाखाली उकिरडा दिसायलाय म्हणले कॅमेऱ्यात, पाहुणे फोटो काढायलेत, उचल म्हणले.” तो या भागातला नाही. त्या चपलांचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता. तुला सांगायची गरज नव्हती.

तू विसरलास की काका आता मोटारीला हात लावत नाहीत असं धरून चाललास, हे मी ठरवत नाही. दुसरं असावं.

दुरुस्तीचं सांगते. वायर नवीन टाकली, जोड काठावर घेतला, पेटीत वीज गळाली की आपोआप तोडणारं यंत्र बसवलं. सोमवारी मोटार चालवून पाण्यात मी स्वतः मीटरने पाहिलं. काही उतरत नाही.

काकांना मुंजाजीचं बोलणं माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

यातून तू काय अर्थ काढशील याचा मला अंदाज आहे. तो काढायच्या आधी आठवडाभर थांब.

सृष्टी


परभणी
३ जानेवारी २०२५

जीवनदादा,

थांबला नाहीस. मुंजाजीने कुलपाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘साहेबांनी टाकायला सांगितलं.’ कुलूप चांगल्या प्रतीचं आहे.

तुझा मुद्दा काकूने मला सांगितला. जागेत परकं माणूस दगावलं असतं तर पोलिसांत तुला उभं राहावं लागलं असतं. मुद्दा चुकीचा नाही. कागदावर जागा तुझी, म्हणजे जबाबदारी तुझी. मी तुझ्या जागी असते तर मलाही झोप आली नसती.

पाण्यात कोण होतं हे तू काकूला सारखं विचारतोयस. तिच्यावर चिडू नकोस. तिला मी सांगू नको म्हटलंय.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट आहे, कारण ती कॅमेऱ्याच्या मागे घडते. काकांनी बाज हलवली. जांभळाखालून उचलून घराच्या मागच्या बाजूला टाकली, तोंड रस्त्याकडे. दिवसभर तिथं बसतात. कोणी आलं तर मान हलवतात. मोटारीच्या खोलीकडे फिरकत नाहीत. रविवारी मी गेले तर त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि आत निघून गेले.

काकू तव्यावर भाकरी टाकता टाकता म्हणाली, “पोरानं पुण्याहून चपला उचलल्या, बापानं हितं बटण दाबलं. बापलेक लय हुशार.” काका तिच्यासमोर बसले होते. त्यांना ऐकू गेलं नाही, आणि तिनेही पुन्हा मोठ्याने सांगितलं नाही.

सृष्टी


परभणी
१४ जानेवारी २०२५

जीवनदादा,

पाण्यात मी होते.

आधी लिहिलं नाही, कारण माझं नाव कळल्यावर तू माझ्याच काळजीने कुलूप लावलं असतंस, आणि काळजीने लावलेल्या कुलपाशी मला भांडता आलं नसतं. आता ते परक्या माणसाच्या भीतीने लागलंच आहे, तर लपवण्यात काही अर्थ राहत नाही.

घडलं ते असं. मोठ्या शिळेखालच्या कपारीत एक नर होता, निळ्या नांग्यांचा. तू आणि मी ज्या कपारीवरून भांडायचो तीच. झिंगा मागे उडी मारतो, म्हणून डावा हात पुढून दाखवायचा आणि उजवा मागून लावायचा, हे काकांनी आपल्याला एकाच दिवशी शिकवलं. माझा उजवा हात कोपरापर्यंत आत होता. मोटारीचा आवाज पाण्यात आधी ऐकू आला. मग हाताची मूठ मिटली. मी ती मिटली नव्हती. बोटं उघड असं मी त्यांना सांगत होते आणि ती उघडत नव्हती. मूठ मिटलेला हात त्या कपारीच्या तोंडातून निघत नाही, हे तुला माहीत आहे. घाबरले का, असं डॉक्टरांनी नंतर विचारलं. तेव्हा मी दम किती उरलाय याचा हिशोब करत होते. तो फार नव्हता. मग आवाज बंद झाला आणि बोटं उघडली.

वर आले. सरांनी दंड धरून काठावर घेतलं. काका मोटारीच्या खोलीच्या दारात उभे होते, सर का पळत आले हे त्यांना अजून कळलं नव्हतं. त्यांनी मला ओली पाहिलं. मग जांभळाखाली पाहिलं. मग माझ्या अनवाणी पायांकडे. आणि हळू आवाजात विचारलं. ऐकू येत नसल्यापासून ते मोठ्याने बोलतात, तुला माहीत आहे, पण हे हळू होतं.

“तुझ्या चपला कुटं व्हत्या, माय?”

मी फाटकाकडे बोट केलं. ते तिकडे चालत गेले, स्टँडपाशी उभे राहिले, माझ्या चपला हातात घेतल्या आणि परत आणून माझ्यापुढे ठेवल्या. मी घालेपर्यंत खाली बसून राहिले.

तेव्हापासून ते काकूला एकच सांगतात. “स्टँडवर दिसत व्हत्या. मलाच दिसल्या न्हाईत. कान गेले, आता डोळे बी गेले माझे.” डोळ्यांना काही झालेलं नाही. मी त्यांना परभणीला नेऊन तपासून आणलं. चष्म्याचा नंबरसुद्धा बदलला नाही. डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरांत ‘डोळे चांगले आहेत’ लिहून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि आल्यावर पुन्हा बाजेवर रस्त्याकडे तोंड करून बसले.

कान गेल्यावर काकांकडे काम काय उरलं होतं, ते तूच पाहा. शेत तुझ्या नावावर, मोटार मुंजाजीकडे, दूध डेअरीचं पोरगं येऊन नेतं. जांभळाखाली बसून कोण खाली गेलं आणि कोण वर आलं एवढं पाहणं, हे त्यांचं काम होतं. आम्ही सगळे त्यांच्या भरवशावर खाली जात होतो, आणि त्यांना ते माहीत होतं. आता तुझं कुलूप लागलंय. जांभळाखाली चपला येणारच नाहीत. त्यांचे डोळे गेले नव्हते हे त्यानंतर कशानेही सिद्ध होणार नाही.

फाटक उघड असं मी आता म्हणत नाही. सरांनी आणि बाकीच्यांनी ठरवलंय, काका नसतील तर तसंही उतरायचं नाही. माझं मागणं बदललंय. तू ये आणि चपला कुणी उचलायला लावल्या ते काकांना सांग. मी सांगितलं तर ते म्हणतील, पोरगी समजूत घालायलीय. मुंजाजीने सांगितलं तर नोकरीसाठी बोलला असं होईल. काकू बोलली तर आई-मुलाचं भांडण होईल. तू सांगितलंस तरच ते खरं धरतील. फोनवर जमणार नाही, त्यांना ऐकू येत नाही. कागदावर लिहून पाठवू नकोस, खिशात एक कागद आधीच आहे.

समोर उभं राहून सांगावं लागेल, तोंड नीट दिसेल असं. ते ओठ वाचतात.

आज संक्रांत. तिळगूळ काकूने वेगळा पाठवलाय.

सृष्टी


जांभळाखाली
२ फेब्रुवारी २०२५

जीवनदादा,

हे पोस्टात टाकणार नाही.

मी आज झिंग्यांसाठी आले नव्हते. काकूने काल रात्री फोन करून नुसतं ‘उद्या ये’ म्हटलं, का ते सांगितलं नाही, मला वाटलं काकांना बरं नाही. येऊन पाहते तर फाटक ओढून घेतलेलं, पण कुलूप नव्हतं. चपलांचा स्टँड गोठ्याच्या भिंतीला लागलाय आणि चारही कप्प्यांत काकूचे कांदे आहेत. मुंजाजी पाणी तापवत होता. म्हणाला, “साहेब कालच आले. रात्री बापलेकाचं लय वेळ चाललं. मोठे साहेब तर बोलायलेच नव्हते, नुसतं तोंडाकडं बघायले.”

त्यात तू काय सांगितलंस आणि कसं सांगितलंस, मी विचारलं नाही.

बाज जांभळाखाली परत आली आहे. काका तिच्यावर बसले आहेत आणि त्यांच्यापुढे एक जोड आहे, तपकिरी, नाड्यांचे बूट, आत मोजे खुपसलेले, टोक पाण्याकडे. मी बुटांकडे पाहिलं, मग काकांकडे. ते म्हणाले, “तुझ्या भावाचे हायत. चप्पल न्हाई म्हणला त्याच्याकडं. म्हणलं बुटं काढ, पर हितंच काढ.” मग स्वतःच पुढं म्हणाले, “त्यानं उचलायला लावल्या व्हत्या, म्हणला. मला म्हणला, बापू, तुमचे डोळे चांगले हायत.” आणि खिशातला डॉक्टरांचा कागद काढून मला दाखवला, जणू मी तो पाहिलाच नव्हता.

फाटकाचं कुलूप कुठं गेलं तेही दिसलं. मोटारीच्या पेटीला आहे. किल्ली काकांच्या करदोड्याला बांधलेली आहे. मघाशी लाइट आली तेव्हा मुंजाजी येऊन उभा राहिला आणि खुणेने विचारलं, चालू करायची का? काकांनी बुटांकडे बोट केलं. मुंजाजी परत गेला.

तू चारदा वर आलास, आम्ही दोघं पाहतो आहोत. तुझं लक्ष नव्हतं, पाण्याबाहेर तू नुसता खोकतोस आणि पुन्हा खाली जातोस. काका म्हणाले, “दम पुण्यात ठिवून आलाय.” मग म्हणाले, “पुढून हात घालत असंल. म्हणून सापडना.” बहुतेक तेच होतंय. उजवा मागून.

सरही आले आहेत. त्यांना शाळेच्या कामाला परभणीला जायचं होतं, पण बूट पाहून तेही बांधावर टेकले आहेत. उतरायला तयार नाहीत. म्हणतात, त्या कपारीत आधी एक माणूस हाय.

तंबूंचं आणि पाहुण्यांचं काय करायचं ते तू ठरव. शेत तुझं आहे. पाहुणे उतरणार असतील तर चपलांचं त्यांना तू सांग, मुंजाजीवर सोडू नकोस. माझ्या मोजणीत काही बदल नाही, हद्द काठाच्या वरच्या कडेलाच आहे. जांभूळ तुझ्या बाजूला येतं.

मला घाई आहे. दुपारी झरीकडे एका शेतात तुषार संचाची आखणी आहे आणि माणसं थांबली असतील. काकांनी मला जायची खूण केली. मी बुटांकडे बोट केलं. ते हसले, बऱ्याच दिवसांनी, आणि बाजेवर सरकून मला जागा केली. तिथं बसून हे लिहिलं.

कागद तुझ्या उजव्या बुटात ठेवते आहे, मोज्याच्या खाली. डाव्यात मुंगळे शिरलेत. घालायच्या आधी झटक.

सृष्टी